डॉक्टरांच्या गाडीचं गिऱ्हाईक

मिस्त्रींना कशाकशाची किळस येते हे सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. गाडीत बसून खाणाऱ्यांची येते, आणि खाऊन झाल्यावर सीटला हात पुसणाऱ्यांची तर येतेच येते. आरशाला लटकवलेल्या सुगंधी बाहुल्यांची येते. डॅशबोर्डवर कसलंतरी तेल फवारून "बघा कशी चकाकते" म्हणणाऱ्यांची येते. इंजिन सुरू केल्या केल्या उगाच घर्रर्र करून रेस देणारा कुणी दिसला की त्यांच्या नाकाचा शेंडा वर जातो आणि सगळा चेहरा त्याच्यामागं गोळा होतो. या नाकापायी गल्लीत त्यांना 'नाकमुरडे मिस्त्री' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागं. त्यांना ते ठाऊक आहे, आणि पाठीमागं बोलणाऱ्यांचीही त्यांना किळस येते.

जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा गाडी उतारावर लावून, हँडब्रेक न ओढता, हसत हसत खाली उतरला. झालं! पुढची चार वर्षं मिस्त्री त्याच्याशी फक्त हवापाण्याबद्दल बोलले. बायको म्हणायची, "अहो, पोरगा नोकरीला चांगला, आपल्या लेकीला जपतो, तुम्हाला आणखी पाहिजे तरी काय?" मिस्त्री म्हणायचे, "हँडब्रेक." शेवटी बायकोनं तो विषयच सोडून दिला.

आता असल्या माणसाचं गॅरेज चालतं कसं? चालतं, कारण हात. पत्र्याचं छप्पर, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढी जागा, पण आत पाऊल टाकलं की माणूस आपोआप चपला झटकतो. भिंतीवर पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावलेले, आणि प्रत्येकाच्या मागं रंगानं त्याची आकृती काढलेली, म्हणजे एखादा जागेवर नसला तर लगेच कळावं. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत. मिस्त्री गिअर बदलल्याचा आवाज ऐकून चालवणाऱ्याचा स्वभाव सांगतात, आणि तो बहुतेक वेळा वाईटच सांगतात. "हा घायकुतीला आलेला. हा चिक्कू. हा घरी बायकोवर खेकसतो." पाठ फिरवून पाना पुसत पुसत सांगतात, आणि गिऱ्हाईक तिथंच उभं असतं.

एकाच माणसाबद्दल त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द निघाला नाही. ते म्हणजे डॉक्टर.

डॉक्टरांची गाडी परदेशी, गडद निळी, लांबलचक बॉनेटची. आत खऱ्या लाकडाची पट्टी, खऱ्या चामड्याच्या सीटा. बड्या लोकांसाठी बनवलेल्या असल्या गाड्या बहुतेक ऑटोमॅटिकच यायच्या. गिअर हातानं टाकायची पाच गिअरची गाडी कंपनीनं अगदी मोजकी काढली होती, आणि डॉक्टरांनी शोधून शोधून तीच मिळवली होती. सव्वीस वर्षं दर दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता ती गाडी गॅरेजपुढं येऊन उभी राहायची. डॉक्टरांनी दुसरा गिअर कधी टाकला आणि तिसरा कधी, हे गल्लीतल्या मांजरालाही कळायचं नाही. मिस्त्री सगळ्यांना सांगायचे, "हात बघायचा तर डॉक्टरांचा बघा. बाकी सगळे हातगाडी ढकलणारे." काही बिघडलेलं नसलं तरी ते गाडी खालून-वरून तपासायचे, ऑइल बोटावर घेऊन वास घ्यायचे, आणि डॉक्टर स्टुलावर बसून बघत राहायचे. दोघं फारसं बोलायचे नाहीत. मिस्त्रींना आयुष्यात बिनकिळसेचे असे तेवढेच दोन तास मिळायचे.

मग डॉक्टर गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. तीन महिन्यांनी त्यांच्या बायकोनं मिस्त्रींना घरी बोलावलं. मिस्त्री तिला वहिनी म्हणत. घर मोठं होतं, निम्म्या खोल्यांना कुलूप लागलं होतं, आणि वहिनी महिनाअखेरीला बहिणीच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होत्या. दुसरा मजला. खाली सायकल लावायला जागा नाही, तिथं गाडी कुठून?

"मिस्त्री, गाडी तुम्हीच विका," वहिनी म्हणाल्या. "पैशाचं तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे की ती सबंध राहू दे. कुणाच्या तरी घरी राहू दे. रोज फिरली नाही तरी चालेल, पण सकाळी उठून तिच्याकडे बघणारं माणूस असावं. तेवढा शब्द द्या मला."

मिस्त्रींनी तिथल्या तिथं दिला. "वहिनी, ज्याच्या हाताला ती शोभेल त्यालाच देईन. नाहीतर देणारच नाही."

इथंच गफलत झाली बघा. वहिनींनी घर मागितलं आणि मिस्त्री हाताचं बोलून मोकळे झाले. त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

जाहिरात जावयानं मोबाइलवरून टाकली. हँडब्रेक नसला तरी एवढं त्याला येत होतं. आणि मिस्त्रींनी गिऱ्हाइकांसाठी परीक्षा ठरवली. गाडी गॅरेजच्या फाटकातून बाहेर काढायची, पाण्याच्या टाकीपर्यंतचा चढ चढायचा, टाकीला वळसा घालून तीन गतिरोधक ओलांडून परत यायचं. मिस्त्री शेजारच्या सीटवर बसणार आणि रस्त्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. नजर दोनच ठिकाणी: गिअरवरचा हात आणि क्लचवरचा पाय. गिअर पडला की हात उचलला पाहिजे. क्लच सुटला की पाय बाजूला गेला पाहिजे. जो हात गिअरच्या दांड्यावर टेकवून आरामात रेलतो, तो आतले भाग उगाच झिजवतो. जो पाय क्लचवरच ठेवतो, तो प्लेट जाळतो. "गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर जाऊच नये," मिस्त्री जावयाला म्हणाले. "माणूस तोंडानं खोटं बोलतो, पायानं नाही."

पहिला आला तो जुन्या गाड्यांचा दलाल. दोन्ही हातांत दोन फोन, आणि गाडीकडे बघायच्या आधी मीटरकडे बघितलं. "एक लाख अठ्ठावीस हजार? मामा, हे साठावर आणून टाकू. माझा माणूस अर्ध्या तासात मीटर फिरवतो, कुणाच्या बापाला कळत नाही."

"मामा कुणाला म्हणतोस?" मिस्त्री म्हणाले. "आणि सव्वीस वर्षं चालली ती काय झक मारायला चालली? पुसून टाकू म्हणतोस होय? चल, नीघ."

परीक्षा राहिली बाजूलाच. दलाल गेल्यावर त्यानं हात लावलेलं दाराचं हँडल मिस्त्रींनी ओल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्या फडक्यानं पुसलं.

दुसरा कंत्राटदार. पांढरे बूट, पोट पुढं, मागं दोन माणसं नुसती मान हलवायला. त्यानं कागदी कपातली कॉफी थेट बॉनेटवर ठेवली. ठेवली! निळ्या रंगावर, जिथं डॉक्टर बोट लावायच्या आधी रुमाल काढायचे, तिथं. "गाडी झकास आहे," तो म्हणाला. "दोन-तीन कामं करून घेऊ. एक म्हणजे हे गिअरचं लफडं काढून ऑटोमॅटिक टाकू, माझा डावा पाय दुखतो. आणि वरचं छप्पर कापून काच बसवू, पोरांना आभाळ दिसलं पाहिजे."

"आभाळ बघायला पोरांना गच्चीवर न्या," मिस्त्री म्हणाले, आणि कप उचलून त्याच्या हातात दिला. बॉनेटवर कपाच्या बुडाचं गोल वळं उमटलं होतं. ते काढताना मिस्त्रींच्या तोंडाला जे कडवटपण आलं ते रात्रीच्या जेवणापर्यंत गेलं नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं ते जेवताना तीनदा म्हणाले. बायकोनं तिन्ही वेळा हो म्हटलं.

तिसरी एक जोडी आली, व्हिडिओ बनवणारी. त्यांना गाडी नकोच होती, गाडीच्या चाकांतून निघणारा धूर पाहिजे होता. "काका, एकदाच! जागेवर चाकं फिरवून नुसता धूर काढायचा. टायर जळले तर भरून देऊ." मिस्त्रींनी फाटक लावून घेतलं आणि आतून कडी घातली.

चौथा चष्म्याच्या दुकानाचा मालक. चाळिशीतला, बुटका, शर्टाच्या खिशात छोटा स्क्रू-ड्रायव्हर विसरलेला. तो आला तो फाटकाशीच थांबला आणि म्हणाला, "आत येऊ ना?" गाडीभोवती हात मागं बांधून फिरला. एक वही काढली आणि विचारायला लागला: गाडी किती दिवस उभी राहिली तर चालते? पावसाळ्यात खाली काय घालायचं? चामडं कशानं पुसायचं? उंदरांचं काय करायचं? मिस्त्रींनी उत्तरं दिली, आणि तो अक्षर अन् अक्षर लिहून घेत होता. "अकरा वर्षं दुकानातून ही गाडी जाताना बघतोय," तो म्हणाला. "डॉक्टर दिसले की मी नंबर तपासणं थांबवायचो. गिऱ्हाईक वैतागायचं. बायको म्हणते, एकदाची घेऊनच टाका, म्हणजे निदान चष्मे तरी नीट लागतील लोकांना." आणि स्वतःच हसला.

बरा माणूस वाटला. मिस्त्री मनातून थोडे सैल झाले. पण परीक्षा ती परीक्षा.

तो चालवायला बसला आणि मिस्त्रींचं नाक वर जायला लागलं. पाय क्लचवर असा ठेवला होता की उचलायचं नाव नाही. हात गिअरवर, घट्ट, बसमधला दांडा धरल्यासारखा. चढावर गाडी हातभर मागं आली. टाकीच्या वळणाला तिसऱ्यावरून दुसरा टाकताना कर्रर्र असा आवाज झाला, आणि तो आवाज मिस्त्रींच्या दातांतून गेला. चष्मेवाल्याचा चेहरा लाल झाला. "सॉरी हं, सॉरी," तो गाडीलाच म्हणाला. पुढच्या गतिरोधकाला परत कर्रर्र.

"थांबवा," मिस्त्री म्हणाले. "उतरा. मी नेतो."

परत आल्यावर चष्मेवाला वही हातात धरून उभा राहिला. "थोडी सवय नाहीये मला. माझी छोटी गाडी आहे ना, ती ऑटोमॅटिक…"

"मग तीच चालवा," मिस्त्री म्हणाले. "ही तुमच्या हातात द्यायची म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. वर्षात गाडीचा सत्यानाश कराल."

हे त्यांनी तोंडावर सांगितलं, जावयासमोर सांगितलं. चष्मेवाल्यानं वही मिटली, "बरोबर आहे तुमचं" म्हणाला, आणि फाटक हळूच लावून गेला. जावई म्हणाला, "मामंजी, माणूस चांगला होता हो. गाडी जीवापाड जपली असती त्यानं."

"पाय बघितलास का त्याचा?"

"पाय नाही बघितला."

"मग बोलू नकोस," मिस्त्री म्हणाले.

घरी बायकोनं ऐकलं आणि ताट वाढता वाढता म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा. महिना संपायला नऊ दिवस राहिलेत. वहिनी गाडी काय डोक्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढणारेत?" रिकाम्या बैलाचं मिस्त्रींनाही कळत होतं. पण त्या कर्रर्रची आठवण झाली की ते हातातला घास परत ताटात ठेवत.

आणि मग पाचवा आला.

पन्नाशीचा, सडसडीत, इस्त्रीचा साधा शर्ट, कापलेली स्वच्छ नखं. मेकॅनिकची नखं कधी एवढी स्वच्छ नसतात आणि हौशी लोकांना नखांचं भान नसतं. मिस्त्रींना ती नखं फार आवडली. तो मोजकं बोलला. गाडीत बसल्यावर आधी सीट सरकवली, मग आरसे लावले, मग गाडी न्यूट्रलला आहे ना हे दोन बोटांनी हलवून बघितलं आणि तेव्हा कुठं चावी फिरवली. मिस्त्री सावरून बसले.

काय सांगावं! हात गिअरवर जायचा, काम करायचा आणि लगेच परत यायचा. पाय क्लचवरून सुटला की बाजूला. चढावर मुद्दाम गाडी थांबवली आणि केसभरही मागं न जाऊ देता पुन्हा उचलली. वळणावर तिसऱ्यावरून दुसरा टाकला तो कळलासुद्धा नाही. मग बहुतेक खात्री करायला म्हणून पुन्हा वर नेऊन पुन्हा खाली आणला, तोही कळला नाही. पाचव्या गिअरला कान देऊन जरासा थांबला. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. शपथेवर सांगतो, पाणी आलं. चार महिन्यांनी ती गाडी पुन्हा डॉक्टरांच्या हातात असल्यासारखी चालत होती.

"गिअरबॉक्स कधी उघडलाय?" त्यानं विचारलं.

"कधीच नाही. गरजच पडली नाही."

"त्यावरचा नंबर बघू का?" म्हणून तो बॅटरी घेऊन स्वच्छ शर्टानिशी जमिनीवर आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. कोण बघतो हो आजकाल खाली? मिस्त्री जावयाकडे बघून मान डोलावत राहिले, जणू तो माणूस त्यांनीच घडवला होता.

सांगितलेल्या किमतीत त्यानं घासाघीस केली नाही. वहिनींनी चाव्यांची दोन्ही जुडगी त्याच्या हातात दिली आणि विचारलं, "ठेवाल कुठं?"

"गावाबाहेर मोठी जागा आहे माझी," तो म्हणाला. "छपराखाली राहील. पाणी, ऊन, काही लागणार नाही."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. मिस्त्रींनी जपून ठेवलेला बारीकसारीक भागांचा खोकाही त्याला फुकट दिला. गाडी गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा गिअर बदलल्याचा आवाज आला नाही, आणि मिस्त्री घरी जाऊन दोन वाट्या जास्त जेवले.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. "मिस्त्री, जरा येऊन जाता का? तिच्या गिअरबॉक्सचं काम आहे. माझ्या माणसांना जमत नाहीये आणि मला तो खराब होऊ द्यायचा नाही."

मिस्त्री धुतलेला शर्ट घालून निघाले. स्वतःचे पाने कापडात गुंडाळून घेतले. वाटेत विचार करत होते, क्लच बदलायला काढला असेल, चांगलंय, वेळच्या वेळी करणारा माणूस आहे.

जागा खरंच मोठी होती. छप्परही होतं. छपराखाली, त्यानं शब्द दिल्याप्रमाणे, पाणी नाही, ऊन नाही, डॉक्टरांची गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकं नव्हती. चारही दारं भिंतीला ओळीनं टेकवलेली आणि त्यांच्यावर खडूनं आकडे. सीटा प्लॅस्टिकमध्ये बांधून एकावर एक. लाकडाची पट्टी पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर 'सांभाळून' असं लिहिलेलं. बॉनेट कुठं दिसतच नव्हतं. ते परवाच गेलं, असं नंतर कळलं. गाडीखाली दोन माणसं पहार घालून गिअरबॉक्सला धक्के देत होती.

मिस्त्रींना आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे काय चालवलंय तुम्ही?"

"सुटे भाग विकतो मी," तो माणूस म्हणाला. चेहऱ्यावर लाज नाही, तोरा नाही, काही नाही. "हा गिअरबॉक्स आता मिळत नाही. तिकडं परदेशात लोकांकडे हीच गाडी ऑटोमॅटिक आहे, आणि त्यांना आता हौस आलीय हातानं गिअर टाकायची. एक जण दोन वर्षं थांबलाय. या एका गिअरबॉक्सला सबंध गाडीच्या वर किंमत येते. बाकी दारं, काचा, सीटा वरकमाई."

"तुम्ही फसवलंत! त्या बाईंना फसवलंत!"

"काय फसवलं? बाईंनी विचारलं ठेवणार कुठं, मी खरं सांगितलं. तुम्ही तर काही विचारलंच नाही. चालवून दाखवा म्हणालात, मी चालवली."

"मग एवढी… एवढी छान कशाला चालवलीत?"

तो पहिल्यांदाच जरा हसला. "गिअरबॉक्स घ्यायचा तर चालवून बघायला नको? एकवीस वर्षं हेच करतोय. आत काय झिजलंय, काय नाही, ते हाताला कळतं."

कसायाला गाय धार्जिणी म्हणतात ते काही उगाच नाही. मिस्त्रींनी ती म्हण आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरली होती. ज्या हाताला बघून डोळ्यांत पाणी आलं तो हात गाडीला चाचपत होता, आणि ते शेजारी बसून मान डोलावत होते. शी! स्वतःच्या त्या डोलणाऱ्या मानेची त्यांना भयंकर किळस आली. ते छपराबाहेर गेले, भिंतीला हात टेकून उभे राहिले, आणि सकाळचं सगळं ओकून टाकलं.

आतून पहारीचा आवाज येतच होता. ठण्. ठण्.

तोंड पुसून ते आत आले. "थांबवा ते," म्हणाले. "बोल्टाचे कान मोडतील त्याचे."

आणि मग, आता काय बोलायचं, त्यांनी स्वतः तो गिअरबॉक्स उतरवला. कापड अंथरलं, पाने मांडले, खाली जॅक लावला. एक एक बोल्ट काढून कागदावर क्रमानं ठेवला. कुठं हिसका दिला नाही, कुठं ओरखडा पडू दिला नाही. दोन तास लागले. सव्वीस वर्षं ज्याचं ऑइल बोटावर घेऊन हुंगलं तो गिअरबॉक्स जॅकवर अलगद खाली आला तेव्हा त्या दोन माणसांनी "व्वा!" म्हटलं. ती वाहवा मिस्त्रींच्या अंगावर पालीसारखी पडली. दुसऱ्या कुणी काढला असता तर तुटला असता, हे खरं. पण तुटला असता तर बिघडलं काय असतं, हे त्यांना काम संपल्यावर सुचलं.

"महिन्याला अशा दोन-तीन येतात माझ्याकडे," तो माणूस म्हणाला. "तुमच्यासारखा हात मिळत नाही हो. येत जा."

मिस्त्रींनी पाने गुंडाळले आणि ते निघाले.

घरी न जाता ते थेट वहिनींच्या नव्या खोल्यांवर गेले. दोन जिने चढायला त्यांना वेळ लागला. वहिनी खिडकीशी विणकाम करत बसल्या होत्या. खोलीत अजून बांधलेली खोकी होती. मिस्त्रींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दारं, सीटा, खडूचे आकडे, आणि शेवटी गिअरबॉक्स आपणच काढला हेही. काही लपवलं नाही.

वहिनींच्या हातातल्या सुया थांबल्या. मग त्या म्हणाल्या, "बसा."

मिस्त्री बसले.

"दुसरं कुणी घेणारं नव्हतंच का?"

"एक होता. चष्म्याच्या दुकानाचा. घरी ठेवणार होता, वहीत सगळं लिहून घेत होता. पण वहिनी, त्याचा पाय क्लचवरून उठत नव्हता. गिअर असा खरडत टाकायचा की ऐकवत नव्हतं. डॉक्टरांचा हात बघितल्यावर…"

वहिनींनी मान वर केली. हसावं की रडावं हे कळत नसल्यासारख्या दिसत होत्या. "डॉक्टरांचा हात! अहो, यांनी गाडी आणली तेव्हा पाचव्या महिन्यात क्लच जाळला होता. चढावर धूर निघाला, लोक बादल्या घेऊन धावले. तुमच्याकडे आणायची छाती झाली नाही त्यांची. 'तो मिस्त्री नाक मुरडेल' म्हणाले. परगावी ओढत नेऊन बदलून आणला, आणि मला शपथ घातली, मिस्त्रींना कळता कामा नये. मग वर्षभर रोज सकाळी मोकळ्या मैदानावर जायचे. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला. मी मागं बसून विणायची आणि कानांत बोळे घालायची. नीट जमायला लागलं तेव्हा कुठं तुमच्या दारात आले."

मिस्त्रींच्या थोबाडीत कुणी मारलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. सव्वीस वर्षं ते ज्या हाताचं माप घेऊन जगाला नापास करत होते, तो हात त्यांच्या नाकाला भिऊन मैदानात लपून शिकला होता. त्यांना डॉक्टरांचा राग येईना. चष्मेवाल्याचा लाल झालेला चेहरा तेवढा दिसत राहिला, आणि स्वतःचं तोंड: माकडाच्या हाती कोलीत. काय पण तोंड!

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मिस्त्रींना खाली मान घालून ऐकून घेता आलं असतं. त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं आणि विचारलं, खरंच विचारलं, त्यात टोमणा नव्हता, "मिस्त्री, त्या माणसाला नीट चालवायला शिकवायचं म्हटलं असतं तर तुम्हाला किती दिवस लागले असते?"

मिस्त्रींनी तो पाय आठवला, तो हात आठवला, ती वही आठवली. कामाच्या बाबतीत खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"आठ दिवस," ते म्हणाले.